दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारं कॅल्क्युलेटर: आठ महिने वापरल्यावर

ऑफिसातल्या लोकांचे प्रवास आखायचं काम माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे गेले आठ महिने हे कॅल्क्युलेटर जवळजवळ रोज उघडतोय. दोन शहरांची नावं टाकली की किलोमीटर, मैल, नॉटिकल मैल आणि त्याखाली विमानाचा वेळ, झटक्यात. पहिले दोन महिने तो वेळ मी डोळे झाकून पुढे पाठवत होतो, तिथेच फसलो.

अंतराबद्दल काही तक्रार नाही हं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरून गोलावरचं सगळ्यात कमी अंतर काढतं, पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे म्हणून फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक, तेवढ्याने कुणाचं काय अडतंय. नकाशावर रेष वाकडी दिसते म्हणून आमच्यातला एकजण 'हे गंडलंय' म्हणून अडूनच बसला होता, शेवटी पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवला तेव्हा गप्प झाला.

वेळेचं मात्र वेगळंच. पाच-सहा जोड्या टाकून आतलं गणित शोधून काढलं तर काय, अंतर भागिले ताशी ८०० किमी आणि वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास, बस! लंडन-न्यूयॉर्क साधारण ५,५७० किमी, म्हणजे साडेसात तास, आणि उलटं टाकलं तरी साडेसातच. अरे पण वारा नावाची गोष्ट आहे ना! अटलांटिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, लंडनकडे येताना मागून ढकलतो आणि न्यूयॉर्कला जाताना समोरून अडवतो, त्यामुळे टाइमटेबलमध्येच दोन्ही दिशांत तासाभराचा फरक असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळी वाऱ्यामुळे एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं.

सगळ्यात मोठा दणका हेलसिंकी-टोकियोला बसला. अंतर ७,८०० किमीच्या आसपास, वेळ दाखवली सव्वादहा तास, मी शहाण्यासारखी त्यावरून मीटिंग ठरवून टाकली, तिकिटं बघायला गेलो तर १३ तास! २०२२ पासून तिथली विमानं रशियावरून जाऊ शकत नाहीत, लांबचा वळसा घेऊन जातात, आणि कॅल्क्युलेटरला हवाई हद्द वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त दोन टिंबं दिसतात. मीटिंग हलवली, शिव्या मी खाल्ल्या.

जवळच्या प्रवासाला तर वेळ बघूच नका. ३०० किमीला ५२ मिनिटं दाखवेल, पण टाइमटेबलमधली वेळ गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची असते, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं त्यातच आलं. शिवाय अंतर शहराच्या मध्यापासून धरतं, विमानतळापासून नाही. टोकियोचा नारिता शहरापासून ६० किमीवर आहे, तो रस्ता कोण मोजणार?

अजून एक, सॅन होजे टाकलं की कुठलं ते विचारत नाही, मला कॅलिफोर्नियातलं हवं होतं आणि ते कोस्टा रिकात पोचलं. आकडा भलताच दिसला म्हणून लक्षात आलं.

हल्ली अंतर इथून घेतो आणि वेळ थेट टाइमटेबलवरून, तेही जातानाची वेगळी, येतानाची वेगळी. पाचपैकी साडेतीन स्टार. शहराच्या नावापुढे देश दाखवायला लागले तर अर्धा वाढवून देईन.