मामांचा जुना मोटर ग्लायडर: चौदा महिने उडवल्यानंतर

दोन मीटर पंखांचा हा रेडिओ कंट्रोल मोटर ग्लायडर माझ्या मामांनी १९९६ साली बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) किटमधून बांधला. मामा कलाभवनात शिकलेले. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेली ती संस्था पुढे एम. एस. युनिव्हर्सिटीत गेली, पण आम्हा बडोदेकरांच्या तोंडी अजून कलाभवनच आहे. रेघ मारली की रेघेवरच कापायचं, ही तिथली शिस्त पंखाच्या एकेका रिबमध्ये (आतल्या आडव्या फासळीत) दिसते. दांडिया बाजारातलं घर रिकामं करताना ग्लायडर माळ्यावरून खाली आला, तेव्हा मामा म्हणाले, "उडवणार असशील तर घेऊन जा. शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर राहू दे इथंच."

चौदा महिन्यांत दीडशेच्या वर उड्डाणं झाली. या काळात जे काही बदललं ते एकाच कसोटीवर. मोटर ग्लायडरमध्ये मोटरचं काम वर नेऊन सोडण्याचं. ती थांबली की पुढे सगळा पंखांचा खेळ. म्हणून दर बदलानंतर सकाळी, वारा पडलेला असताना, शंभर मीटरवर मोटर बंद करायची आणि जमिनीला टेकेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा. सुरुवातीला २ मिनिटं १० सेकंद यायचे. आता ३ मिनिटं ५ सेकंद येतात. मोटर किती जोरात ओढते याची मी वेगळी नोंदच ठेवली नाही.

मूळ मोटर ब्रशवाली, दोनशे ग्रॅमची. तिच्या जोडीला सात सेलचा निकेल-कॅडमियम पॅक, तो जवळजवळ चारशे ग्रॅमचा. पॅक तर मेलेलाच होता. त्या जागी ७५ ग्रॅमची ब्रशलेस मोटर, ११ बाय ६ इंचांचा, पाती मिटणारा घडीचा प्रॉप (प्रोपेलर) आणि तीन सेलची २२०० एमएएचची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) बसवली. वॉटमीटरवर १७ अँपिअर, म्हणजे १९० वॉटच्या आसपास. शंभर मीटर चढायला सतरा-अठरा सेकंद लागतात, त्यामुळे एका चार्जमध्ये पंधरा वेळा वर जाता येतं.

खरी कसोटी पुढे होती. मोटर हलकी झाल्यामुळे नाक हलकं झालं आणि सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, मागे सरकला. नाकात शिसं भरून हे पाच मिनिटांत सुटतं, पण मग वाचवलेलं वजन परत चढतं. मी बॅटरी थेट मोटरच्या मागे सरकवली. पंखाखालचे जुने, जड सर्व्हो (शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) काढून छोटे सर्व्हो कॅनपीखाली, म्हणजे पुढच्या झाकणाखाली, आणले आणि त्यांच्यासाठी शेपटीपर्यंत जाणारे लांब पुशरॉड केले. शेपटीच्या आडव्या पट्टीत गोल भोकं पाडून बारा ग्रॅम काढले. शेपूट लांब असते, तिथला एक ग्रॅम नाकातल्या दोन-अडीच ग्रॅमला भारी पडतो. म्हणून शेपटीची डागडुजी करताना इपॉक्सी थापू नका, पातळ सुपरग्लूचे दोन थेंब पुरतात. एवढं करूनही २५ ग्रॅम शिसं लागलंच. एकूण वजन १५२० वरून ११३० ग्रॅमवर आलं.

सीजी कागदावर बरोबर आला तरी हवेत तपासायचाच. उंचीवर मोटर बंद करून नाक थोडं खाली घालायचं आणि स्टिक सोडून द्यायची. विमान झटकन वर उठलं तर नाक जड आहे, आणखी खाली घुसू लागलं तर शेपूट जड. सावकाश, लांबलचक वळण घेत सरळ झालं की जमलं. मला बॅटरी चार-चार मिलिमीटर सरकवत तीन रविवार लागले. या सगळ्या कामात मला सर्वांत आनंद त्या तिसऱ्या रविवारी झाला.

नव्या मोटरला जोर जास्त, त्यामुळे थ्रॉटल दिला की नाक आभाळाकडे. यावर उपाय म्हणजे मोटर माउंटच्या वरच्या दोन स्क्रूंमागे पातळ वायसर घालायचे, की शाफ्ट (मोटरचा दांडा) किंचित खाली झुकतो. थोडा झुकाव उजवीकडेही दिला.

आता प्रॉप. ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) ब्रेक चालू केलेला नसेल तर मोटर बंद झाल्यावर प्रॉप वाऱ्याने फिरत राहतो, पाती मिटत नाहीत आणि घरंगळणाऱ्या गाडीला कुणी मागून धरून ठेवावं तसं विमान अडतं. पहिले दोन आठवडे माझं हेच चाललं होतं आणि मी दोष पंखाला देत होतो. ब्रेक लावल्यावर एकदम पंचवीस सेकंद वाढले. माणूस बसवून उडणाऱ्या मोटर ग्लायडरचीही हीच अडचण असते. तिथे पात्यांची कड वाऱ्याकडे वळवतात किंवा अख्खा प्रॉपच पोटात ओढून घेतात. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या विमानातून माणूस पहिल्यांदा उडाला तो मोटर ग्लायडरमधूनच: २१ ऑक्टोबर १९७३ रोजी, ऑस्ट्रियात. फ्रेड मिलित्की यांनी एचबी-३ जातीच्या ग्लायडरमध्ये विजेची मोटर आणि निकेल-कॅडमियम बॅटऱ्या बसवल्या होत्या. मामांच्या जुन्या पॅकचं रसायनही तेच. तो पॅक ई-वेस्टमध्ये देताना हात थोडा अडखळला.

प्रॉपनेच मला एकदा घाबरवलं. प्रॉप शाफ्टला जोडणारा, ऑनलाइन मागवलेला अडॅप्टर घट्ट वाटला होता. सहाव्या उड्डाणात चढताना 'टक्' असा आवाज आला आणि प्रॉप हबसकट निघून एरंडाच्या शेतात गेला. मोटर नुसतीच किंचाळत राहिली. विक्रेत्याने "नीट कसला नसेल" एवढंच लिहून पाठवलं. त्यात तथ्य असेलही, पण अडॅप्टरचा आतला निमुळता भाग ओबडधोबड कातलेला होता हे मी भिंग लावून पाहिलं. आता शाफ्ट स्पिरिटने पुसून कोरडा केल्याशिवाय अडॅप्टर बसवत नाही आणि दर उड्डाणाआधी प्रॉप ओढून पाहतो. प्रॉपच्या रेषेत कुणालाही उभं राहू देत नाही, मामांनासुद्धा.

कव्हरिंगबद्दल, म्हणजे पंखांवर ताणून चिकटवलेल्या प्लास्टिकच्या फिल्मबद्दल, सविस्तर लिहायला हवं, कारण जुनं विमान घेणारे तिथेच फसतात. मामांनी डाव्या पंखावर गडद निळी फिल्म लावली होती. मे महिन्यात, ४३ अंशांच्या उन्हात अर्धा तास ठेवल्यावर ती ढिली पडली आणि पंखाच्या टोकाला पीळ आला. विमान सारखं डावीकडे कलू लागलं. आईची जुनी इस्त्री सुती मोज्यात घातली. आईने पंखाची मागची कड किंचित खाली पिळून धरली आणि मी इस्त्री रिबांच्या मधून हळूहळू फिरवली. फिल्म आधी सुरकुतते, मग डोळ्यांदेखत ताणली जाते. टिचकी मारली की डफासारखा आवाज येतो. थंड होईपर्यंत पीळ सोडायचा नाही. आईचे हात भरून आले, पण तिने सोडला नाही. पुढे दोन्ही पंखांची वरची बाजू मी पांढऱ्या फिल्मने मढवली.

पंखाची पुढची कड एका ठिकाणी चेपली होती. ती गेंडीगेटच्या पतंग बाजारातून आणलेल्या बांबूच्या कामटीने सांधली. दुकानातल्या काकांनी कामटी वाकवून, कानाजवळ नेऊन तडकण्याचा आवाज ऐकला आणि मगच दिली. बाल्सापेक्षा जड आहे, पण पंखाच्या मुळाशी चालून जातं.

त्याच बाजाराची दुसरी बाजू म्हणजे मांजा. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे १४-१५ जानेवारी, हे दिवस सोडाच, पण त्याच्या आधी-नंतरचे काही आठवडेही मी ग्लायडर बाहेर काढत नाही. फेब्रुवारीत शेताच्या बांधावर उतरताना एक गुलाबी दोरा शाफ्टवर गुंडाळला गेला आणि काचेची पूड बेअरिंगमध्ये शिरली. मोटर खरखरू लागली, बेअरिंग बदलावंच लागलं.

उडवायला बडोद्याजवळच्या पादरा गावाच्या बाजूला जातो. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या आत मर्यादा कडक आहे, त्यापलीकडे हिरव्या पट्ट्यात (ड्रोन नकाशावरच्या मोकळ्या भागात) ४०० फूट, म्हणजे १२० मीटर. दर वेळी नकाशा पाहून निघावं. मार्चमध्ये कापूस निघालेली काळी जमीन तापते, घारी गिरक्या घेऊ लागतात, आणि हा हलका झालेला ग्लायडर मोटर बंद असताना वर चढू लागतो. मर्यादा ओलांडण्याची भीती तेव्हाच खरी. म्हणून पंखांच्या वरच्या बाजूला दोन रिबांमध्ये बाल्साच्या झडपा कापल्या, टेपची बिजागरी केली आणि एका सर्व्होने दोरा ओढून त्या उघडायची सोय केली. २२ ग्रॅम वाढले. वजनाबद्दल इतका कंजूष असूनही हे ग्रॅम मी आनंदाने घातले. झडपा उघडल्या की विमान नाक न घालता खाली बसतं, छोट्या शेतातही उतरवता येतं.

लायपोबद्दल एकच. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेला एक पॅक फुगला. आता न वापरलेला पॅक प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून घरात गार जागी ठेवतो.

नवे फोमचे ग्लायडर पडले तरी लवकर मोडत नाहीत. शिकणाऱ्याने तेच घ्यावं. पण फोमच्या पंखाला पीळ आला की त्याच्या आत शिरता येत नाही. इथे फिल्म उचलली की कुठली रिब तडकलीय ते दिसतं, आणि चिकटवताही येतं. असा जुना मिळाला तर आधी पंखाच्या मधल्या जोडाला हलकेच वाकवून कान लावा. कुरकुर आली तर गोंद सुटलाय.

माझ्याही जोडात या आठवड्यात बारीक कुरकुर आली आहे. शनिवारी मामा येताहेत. डाव्या पंखाची फिल्म त्यांच्यासमोरच उचलायची, असं ठरलंय.