शुगर आणि वजन बघून मेडिक्लेम नाकारला, आता काय करायचं: लोडिंग, स्पेशल पॉलिसी की ऑफिसचं कव्हर?

दादाचा मेडिक्लेम रिजेक्ट झाला तेव्हा घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की शुगरमुळेच झाला असणार. शुगर आहेच त्याला, चार वर्षं गोळी चालू आहे. पण ईमेल नीट उघडून वाचला तर कारण लिहिलेलं बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, बीएमआय ३६, आणि वर शुगर. एकेकटं चाललं असतं, दोन्ही मिळून नको म्हणाले. वहिनी म्हणाली, "जाड माणसाला विमा देत नाहीत आणि बारीक माणूस घेत नाही, मग विकतात तरी कोणाला?"

त्यानंतर दोन महिने मी हेच वाचत होते, लोकांना फोन करत होते, तर ज्यांच्या हातात आत्ता तसलाच ईमेल आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी शुगर आणि वजन यातला फरक, कारण सगळी निवड त्यावर ठरते. शुगर, बीपी, थायरॉइड हे सगळं आधीपासूनचा आजार म्हणून धरतात, एजंट लोक पीईडी म्हणतात ते हेच. त्याला वेटिंग पिरियड लावता येतो, म्हणजे पॉलिसी देतो पण या आजाराचा क्लेम अमुक वर्षं नाही. हे वेटिंग पूर्वी जास्तीत जास्त ४ वर्षं होतं, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाने एप्रिल २०२४ पासून ३ वर आणलंय. आता वजनाला वेटिंग कसलं लावणार? डायबेटिसचा खर्च तीन वर्षांनी देऊ म्हणता येतं, ९८ किलोचा खर्च तीन वर्षांनी देऊ असं काही नसतं, वजन तर गुडघ्यापासून हार्टपर्यंत सगळीकडे येतं. म्हणून वजनाच्या बाबतीत दोनच गोष्टी होतात, जास्त पैसे मागतात (हेच लोडिंग) नाहीतर सरळ नाही म्हणतात. आणि किती बीएमआयला नाही म्हणायचं हा आकडा इर्डाने ठरवून दिलेला नाही, ज्याची त्याची अंडररायटिंग पॉलिसी, म्हणजे कोणाला विमा द्यायचा याचे कंपनीचे स्वतःचे नियम, त्यामुळे एका कंपनीचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही असं अजिबात नाहीये.

अजून एक, ईमेलमध्ये "डिक्लाइन" लिहिलंय की "पोस्टपोन" ते बघा. पोस्टपोन म्हणजे एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) खाली आणून काही महिन्यांनी परत या. नुसतं "कंपनीच्या धोरणानुसार" असं लिहिलं असेल तर लेखी कारण मागा, दादाने मागितलं तेव्हाच बीएमआय हा शब्द आला, त्याआधी कॉल सेंटरवाली मुलगी नुसतं "सर सिस्टीमने नाकारलंय" म्हणत होती.

आता मुख्य तुलना. लोडिंग लावलेली साधी पॉलिसी एका बाजूला आणि शुगरवाल्यांसाठीची स्पेशल पॉलिसी दुसऱ्या बाजूला.

लोडिंग म्हटलं की लोकांना राग येतो, दादाला पण आला, मी काय दंड भरतोय का म्हणाला. पण जरा हिशोब करा. धरा प्रीमियम २०,००० आहे आणि लोडिंग २५ टक्के, म्हणजे वर्षाला ५,००० जास्त. स्पेशल पॉलिसीत बऱ्याचदा को-पे असतो, म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा आपण भरायचा, धरा २० टक्के, म्हणजे ४ लाखांच्या बिलात ८०,००० तुमचे. सोळा वर्षांचं लोडिंग एका ऍडमिशनमध्ये गेलं. प्रीमियम वयाबरोबर वाढतो तसं लोडिंगही वाढणार म्हणून सोळाच्या जागी दहा धरा, तरी माझं मत बदलत नाही. कारण लोडिंग आधीच माहीत असलेला खर्च आहे आणि को-पे नेमका तेव्हा येतो जेव्हा घरात आधीच पैशाची ओढाताण चालू असते.

पण स्पेशल पॉलिसीची एक बाजू खरंच भारी आहे. स्टार हेल्थची डायबेटिस सेफ किंवा त्या प्रकारच्या बाकी पॉलिसी शुगरवाल्यांना गिऱ्हाईक समजूनच बनवलेल्या आहेत, तिथे फॉर्मवर डायबेटिस लिहिला म्हणून कोणी दचकत नाही, आणि शुगरशी संबंधित खर्च तीन वर्षं थांबायला न लावता आधी मिळू शकतो. साध्या पॉलिसीत त्या तीन वर्षांत हार्टचा किंवा किडनीचा क्लेम आला तर कंपनी शुगरकडे बोट दाखवू शकते, हा धोका खरा आहे. डेंग्यू, अपेंडिक्स याला पीईडीच्या वेटिंगचा संबंध नाही, पहिले ३० दिवस गेले की झालं, आणि अपघात तर पहिल्या दिवसापासून. हर्निया, मोतीबिंदू, गुडघा बदलणं असल्या गोष्टींना मात्र वेगळं वेटिंग असतं आणि ते सडपातळ माणसालाही असतं, त्यामुळे ते तुलनेत धरू नका.

म्हणून मी असं म्हणेन की शुगर आटोक्यात आहे, बाकी काही सुरू झालेलं नाही आणि तीन वर्षं काढायला दुसरं काहीतरी कव्हर आहे, तर लोडिंग. शुगरने आधीच कुठेतरी हात मारलाय, किंवा दुसरं काहीच कव्हर नाही, किंवा तीन-चार ठिकाणी नकार आलाय, तर स्पेशल. फक्त स्पेशल घेताना को-पे आणि आजारावरची खर्चाची मर्यादा हे दोन आकडे विचारा, नंतर बाकीचं ब्रोशर वाचा. जास्त पैसे भरून वेटिंग कमी करणारे रायडरही (पॉलिसीला जोडायची जादा सोय) असतात काही साध्या पॉलिसींना, ते मिळत असेल तर सगळ्यात छान, पण बीएमआय ३६ वाल्याला देतीलच असं नाही.

मधेच आरोग्य संजीवनीबद्दल, कारण कोणीतरी सुचवतंच. ही सगळ्या कंपन्यांकडे सारखीच असते, २०२० पासून आहे, को-पे फक्त ५ टक्के. पण सगळ्यांकडे आहे म्हणजे सगळ्यांना मिळतेच असं नाही, तिथेही तब्येत बघतातच. आणि रूमभाड्याला विम्याच्या रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० च्या वर नाही, अशी मर्यादा आहे. ८,००० ची रूम घेतली तर नुसते वरचे ३,००० जात नाहीत, डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर असल्या खर्चातही त्याच प्रमाणात कात्री लागते, १,६०,००० असतील तर हिशोबात १ लाखच धरतात. तेव्हा ही घेतली तर रूम बघून घ्या.

आता ऑफिसचं कव्हर. दादाला तेच वाटत होतं, ऑफिसचं आहे ना ५ लाखांचं, मग कशाला एवढा खटाटोप. आणि बरोबरच आहे एका अर्थी, तिथे कोणी काट्यावर उभं करत नाही, जुने आजार बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून कव्हर असतात, वजन-शुगरवाल्यासाठी याच्यापेक्षा सोपं काही नाही. (पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असेल तर तिथेही जुन्या आजाराचा प्रश्न येत नाही.) पण नोकरी गेली की कव्हर गेलं. आणि जाणार कधी, तर पन्नाशीत, जेव्हा शुगर पंधरा वर्षांची झालेली असेल आणि बीएमआय बघून नाही म्हणणारे अजून वाढलेले असतील. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय आहे, काढलेल्या वेटिंगचं क्रेडिटही मिळतं, पण तिथेही कंपनी परत तब्येत तपासू शकते, म्हणून राजीनामा टाकल्यावर नाही, आधीच एचआरला विचारा. वैयक्तिक पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी शून्य झालाय, त्यामुळे "ऑफिसचं फुकट, बाहेरचं महाग" हे गणितही थोडं हललंय.

म्हणजे लोडिंग की ऑफिस असा प्रश्नच चुकीचा आहे. ऑफिसचं चालू असतानाच बाहेरचं वेटिंग संपवून घ्यायचं.

सुपर टॉप-अप बऱ्याच जणांना माहीत नसतो. ५ लाखांचं डिडक्टिबल असलं तर वर्षभरातल्या पहिल्या ५ लाखांच्या बिलांशी त्याचा संबंध नाही, त्यावरचं तो देतो, आणि खालचे ५ लाख ऑफिसच्या कव्हरमधून द्या नाहीतर खिशातून, त्याला फरक पडत नाही. स्वस्त असतो. पण वजन इथेही विचारतात.

सरकारी योजनेकडे मध्यमवर्गीय माणूस बघतच नाही, आपल्यासाठी नाहीच असं धरून चालतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख, आणि शुगर किती, वजन किती कोणी विचारत नाही. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, ते आजच काढा. मर्यादा एवढीच की यादीतलं हॉस्पिटल आणि यादीतलेच उपचार. जवळच्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) एकदा जाऊन भेटा, दहा मिनिटांचं काम आहे, ऍडमिट झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा बरं.

आणि आता ती गोष्ट जी मला खरं तर सगळ्यात आधी सांगायची होती. रिजेक्शननंतर एका एजंटचा फोन आला, रात्री जेवताना, दादाने स्पीकरवर टाकला. "साहेब, दुसऱ्या कंपनीत टाकू, फॉर्मवर वजन ८४ लिहितो, डॉक्टरचा फोन येईल तेव्हा तेवढंच सांगा, वजन काय, वरखाली होतच असतं." दादा चक्क हो म्हणत होता. वहिनीने ताटावरून उठून फोन कट केला. वहिनी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज वॉर्डात असते, ती म्हणाली अरे ऍडमिट करताना नर्स पहिल्यांदा काट्यावरच उभं करते, भुलीचं औषध वजनावर ठरतं, पहिल्या कागदावर ९८ लिहिलं जाणार आणि तोच कागद क्लेमला जाणार. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत कंपनी लपवलं म्हणून क्लेम नाकारू शकते, पॉलिसीही रद्द करू शकते, आणि पाच वर्षांनंतरही फसवणुकीला माफी नाही. याउलट सगळं सांगून पॉलिसी मिळाली तर सांगितलेल्याच आजारावरून मागाहून हात झटकता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये हेच म्हटलंय. विमा लोकपालाकडे (५० लाखांपर्यंतच्या तक्रारी, फी नाही, महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला ऑफिस) गेलात तरी तुमची बाजू धरून ठेवणारा कागद हा फॉर्मच असतो. याला पॉलिसी द्याच असं मात्र लोकपालाकडून मिळवता येत नाही, ते डोक्यातून काढून टाका.

वजन कमी करायचं ऑपरेशन विम्यात बसतं का असंही दादाने विचारलं. बीएमआय निदान ४० पाहिजे, किंवा निदान ३५ आणि सोबत हार्टचा आजार, गंभीर स्लीप ऍप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात नसलेली शुगर असलं काहीतरी. दादाची शुगर आटोक्यात आहे. म्हणजे पॉलिसी घ्यायला गेलं तर वजन जास्त आणि ऑपरेशन मागायला गेलं तर तब्येत पुरेशी वाईट नाही!

शेवटी आम्ही एक केलं, परत फॉर्म भरायची घाई केली नाही. नवीन फॉर्मवर "याआधी प्रस्ताव नाकारला गेला आहे का" हा प्रश्न असतोच, चार ठिकाणी एकदम टाकून चार नकार गोळा करण्यात अर्थ नाही. एका ब्रोकरने रिपोर्ट आधी अंडररायटरला दाखवून अंदाज घेतला, दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने ३० टक्के लोडिंग आणि शुगरला तीन वर्षं वेटिंग सांगितलं. दादाने फॉर्म स्वतः भरला, वजनाच्या रकान्यात ९७ लिहिलं. मी म्हटलं ९८ ना, तर म्हणे सकाळी काट्यावर बघितलं, एक किलो कमी झालंय.