जुन्या फियाटचे पाटे : कुर्ल्याचा पाटेवाला

पाट्यांच्या, म्हणजे मागच्या चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांच्या, कामाला पाचपैकी पाच. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या कामाला, दोन, तेही जिवावर येऊन.

गाडी १९६९ची फियाट ११०० डिलाइट, वडिलांची. मागून इतकी बसली होती की चौघं चढले की सायलेन्सर स्पीडब्रेकरला घासायचा. एका गॅरेजवाल्याचा सल्ला होता, 'काका, हे सगळं काढा, कापून मारुतीचं बसवून देतो.' मी हात जोडले. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला 'व्हीए' या व्हिंटेज मालिकेतला नंबर मिळतो, पण चासी (खालचा सांगाडा), बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. आणि या फियाटला वेगळी चासी नाहीच. कापायचं म्हणजे थेट बॉडीवरच सुरी.

तर हा पाटेवाला सीएसटी रोडच्या एका गल्लीत बसतो. दुकानावर बोर्ड नाही. रोजचं काम टेम्पोचं. चाचा गाडीखाली वाकून म्हणाले, 'इसमें टॅक्सी का पट्टा किसने डाला?' बरोबर होतं. डिकीत सीएनजीची टाकी आली तेव्हा टॅक्सीवाले एक जादा पाटा घालायचे, तसाच आमच्या गाडीत कुणीतरी कोंबला होता. मुख्य पाट्याची कमान गेलेली, खाली हा उपरा. म्हणून गाडी बसलेलीही आणि दणके देणारीही.

सगळे पाटे मधोमध धरून ठेवणारा सेंटर बोल्ट काढून पाटे सुटे केले. चाचांनी फरशीवर खडूने कमान आखली आणि एकेक पाटा ऐरणीवर थंडाच ठोकून त्या रेषेवर आणला. भट्टीत लाल केला तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, मग महिन्यात पुन्हा सपाट. प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकवलेला, म्हणजे बोल्ट आवळला की सगळे एकमेकांना घट्ट बिलगतात. हे मोजायला त्यांच्याकडे काही नाही, डोळा आहे. मी सांगून फेरफार एकच करवून घेतला: पाट्यांची चौकोनी टोकं ग्राइंडरने गोल करून मध्ये ग्राफाइट ग्रीस. ती टोकं वरच्या पाट्यात रुतून करकरायची, ते बंद झालं. आता एलबीएस रोडच्या पेव्हर ब्लॉकवरून गाडी डुलत जाते, आपटत नाही. याच कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यातून ती बाहेर पडली होती, तेव्हा अशीच चालत असणार.

किंगपिन मात्र इथे देऊ नका. शेजारच्या लेथवाल्याने किंगपिन ज्यात फिरते ते वरचा आणि खालचा बुश वेगवेगळे रीम केले, म्हणजे आतून तासून मापाला आणले. दोन्ही एका रेषेत नाहीत, स्टिअरिंग दगडासारखं. दोन्ही बुशांतून एकच लांब रीमर फिरवणारा माणूस लागतो. तो मला नंतर दुसरीकडे मिळाला. त्याच गल्लीत पुढच्या कॉइल स्प्रिंगचे वेढे कापून गाडी 'खाली' करून देणारी पोरंही भेटतील. कापलेली स्प्रिंग आणखी कडक होते, एवढं त्यांना कोण सांगणार?

दोन्ही बाजूंचे मिळून साडेचार हजार झाले. पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे आणायला लावतात, कुरकुर करू नका, काढलेले जुने पुन्हा वापरायचे नसतातच. शुक्रवारी दुपारी दुकान बंद. गाडी शंभरेक किलोमीटर चालवून हे नवे यू-बोल्ट परत आवळून घ्यायला जा, त्याचे चाचा पैसे घेत नाहीत.