पाळणाघराच्या जेवणात कोरेगावचा वाघ्या घेवडा : पाचपैकी चार

साताऱ्यात शाहूपुरीला माझं घरगुती पाळणाघर आहे. दीड ते पाच वर्षांची दहा मुलं, नाश्ता आणि दुपारचं जेवण माझ्याकडंच. फी शंभर रुपयांनी वाढवली तरी पालकांचे चेहरे बदलतात, आणि डाळीचे भाव मला विचारून वाढत नाहीत. आठवड्यातनं दोनदा आमच्याकडं वाघ्या घेवडा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या कोरेगावचं राजम्यासारखं कडधान्य, शिजतो तो या हिशेबानं.

वाघ्याला 2016 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचाच माल अशी सरकारी ओळख, मिळालं, पण पिशवीवर नुसतं ‘वाघ्या’ लिहिलेलं बघून घेऊ नका. फिकट तांबूस दाणा, त्यावर गडद रेघा, आणि नवा असेल तर अंगावर चकाकी. जुना दाणा मळकट दिसतो आणि काही केल्या शिजत नाही. एका दुकानदारानं मला वर नवा नि खाली गेल्या सालचा असा भरून दिला होता. कुकर उघडला तर अर्धे दाणे लोणी आणि अर्धे खडे! तेव्हापासनं पोत्यात हात खालपर्यंत घालून मूठभर काढते, मगच तोलायला सांगते. खरिपाचं पीक आहे, त्यामुळं गणपती ते दसरा या काळात नवा माल बाजारात येतो. घ्यायचा तर तेव्हा.

यंदा मला 140 रुपये किलोनं मिळाला. दहा जणांना तीनशे ग्रॅम कोरडा घेवडा पुरतो, म्हणजे 42 रुपये, डोक्यामागं चार रुपये आणि वर काही पैसे. त्यातनं एका मुलाच्या पोटात ढोबळमानानं एका अंड्याइतकी प्रथिनं जातात. अंडं माझ्याकडं चालत नाही, तीन घरं शाकाहारी आहेत. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीचा डबा आणून देणाऱ्या एका आईला मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवला. डबा तिनं घरी नेला.

शिजवण्यात मात्र हयगय चालत नाही. हा राजम्याच्या जातीतलाच दाणा. कच्चट राहिला तर मोठ्यांनाही उलट्या होतात, लहानांची तर गोष्टच सोडा. रात्री भिजत घालायचा, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात चांगली खळखळून उकळी आणायची आणि मग कुकर. एक शिट्टी मोठ्या आचेवर, पुढं वीसेक मिनिटं बारीक. दाणा दोन बोटांत चिमटला की सालासकट मऊ पडला पाहिजे. मधे कण लागला तर परत कुकरला. बोअरच्या जड पाण्यात तो हट्टी होतो, म्हणून नळाचं पाणी घेते. टोमॅटो, आमसूल घालायचं ते शिजल्यावरच, आधी आंबट पडलं की साल कडक राहते. खायचा सोडा मी घालत नाही, चवीचं मातेरं होतं.

फोडणी जिरं-लसणाची, थोडं शेंगदाण्याचं बारीक कूट, चिमूटभर गूळ. कांदा-लसूण मसाला आमच्या घरातल्यांच्या वाटीत वेगळा. मुलांना ज्वारीची भाकरी कुस्करून त्यावर हा रस्सा, वर लिंबू पिळून, म्हणजे घेवड्यातलं लोह अंगी लागतं. दोन वर्षांच्या आतल्यांसाठी गाळणीवर घासून सालं काढते. दाणा त्यांच्या घशाला मोठा पडतो, आणि सालांनी पोटही फुगतं. पहिल्यांदा देताना दोन चमचेच. नव्या मुलाला एकदम वाटीभर दिलात तर संध्याकाळी आईचा फोन येणार.

शिजल्यावर रेघा पार जातात, सगळं तपकिरी दिसतं. आमच्यातल्या चार वर्षांच्या एकानं ताटात बघून विचारलं, “काकू, वाघ कुठं गेला?” आता मी भिजवलेले चार दाणे बाजूला ठेवून आधी दाखवते. तो ते मोजतो आणि जेवतो. ताट चाटूनपुसून, हे माझ्याकडं फक्त घेवड्याला आणि शिऱ्याला होतं. मुगाची उसळ पौष्टिक खरी, पण निम्मी परत येते.

एक तारा कापला तो गॅस आणि निवडण्यासाठी. किलोमागं बारीक खडे हमखास निघतात, आणि घाईच्या सकाळी हे काम नकोसं होतं. मी रविवारी दुपारी परातीत निवडून आठवड्याचा डबा भरून ठेवते. मॉलमधला पाकिटातला राजमा स्वच्छ असतो, पण मला महाग पडतो आणि साल जाड लागते.

वर्षाचा एकदम भरू नका, सहा महिन्यांचा पुरे. उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दसऱ्याला घेतलेला शिमग्यापर्यंत छान शिजतो, त्यानंतर मी मसूर नि मटकीवर येते.