पत्र्याच्या शेडसाठी फॉइलची बबल शीट : कमी खर्चातील उपाय कितपत उपयोगी?

अकोल्यात आमच्या परसातील पत्र्याच्या शेडला उन्हाळ्याच्या तोंडावर आतून बबल शीट बसवून घेतली. हवेचे बुडबुडे असलेली ही प्लास्टिकची शीट ४ मिमी जाडीची असून तिच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम फॉइल आहे. फॉल्स सीलिंगचा खर्च झेपणारा नव्हता, आणि थर्माकोल स्वस्त असला तरी त्यात मुंग्या व उंदीर घर करतात, शिवाय तो चटकन पेट घेतो. पैशांच्या मानाने शीट समाधानकारक आहे. मात्र तिचा गुण जाडीत नसून चकाकीत आहे, आणि दुकानदार विकतात ती जाडी.

तापलेल्या पत्र्याखाली डोक्याला लागणारी धग बहुतांशी पत्र्यातून खाली फेकल्या जाणाऱ्या उष्णतेची असते. चकचकीत फॉइल ती परतवते आणि स्वतः तापली तरी खाली फारच थोडी उष्णता सोडते. त्यासाठी पत्रा व फॉइल यांच्यात पोकळी मात्र हवी. कारागिराचा आग्रह वेगळाच होता : ‘‘साहेब, तार कशाला ओढत बसता? सोल्युशन लावून चिकटवून टाकू.’’ तसे केले असते, तर उष्णता स्पर्शानेच शीटमध्ये उतरली असती आणि वरच्या फॉइलचे पैसे पाण्यात गेले असते. अखेर छताच्या आडव्या पाइपांखालून जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ताणून शीट तार आणि पाइप यांच्यामध्ये सरकवली, त्यामुळे पाइपाच्या उंचीइतकी पोकळी आपसूक मिळाली. वरच्या फॉइलवर कालांतराने धूळ बसून तिचा प्रभाव मंदावतो, खालची बाजू मात्र स्वच्छ राहते. म्हणूनच दुहेरी फॉइलची शीट घ्यावी. ८ मिमी शीटसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही, कारण बुडबुड्यांतील हवेचा थर तसाही पातळच असतो. स्वस्त शीटवर पुष्कळदा फॉइलऐवजी चंदेरी मुलामा दिलेले प्लास्टिक असते. मागे मोबाइलचा टॉर्च धरल्यावर उजेड आरपार दिसला, तर ती घेऊ नये.

सांध्यांवरची टेप मात्र पहिल्याच उन्हाळ्यात सुटली. तिथे शीट चार बोटे एकमेकींवर चढवून तारेने शिवावी लागली. पश्चिमेची पत्र्याची भिंत उघडी ठेवली, तर चारनंतर छताचा फायदा निम्मा वाटतो. उरलेले तुकडे तिथे लावावेत. शीट प्लास्टिकची असल्याने वेल्डिंगचे काम आधीच उरकावे आणि वायरिंग पाइपातून न्यावे. पावसाचा आवाज कमी होईल या आशेने मात्र कोणी ही शीट घेऊ नये. मृगाच्या सरी आमच्या पत्र्यावर पूर्वीइतक्याच वाजतात.