चरित्रलेखात जातीचा उल्लेख: पहिल्या ओळीत, प्रसंगात की मुळीच नको?

कोल्हापुरात एखाद्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहायला घेतला की व्यक्तीची जात किंवा धर्म सांगायचा का, हा प्रश्न उभा राहतोच. त्याची तीन उत्तरे रूढ आहेत: परिचयाच्या पहिल्याच वाक्यात सांगणे, जिथे जातीचा परिणाम घडला त्या प्रसंगात सांगणे आणि मुळीच न सांगणे. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे, पण उरलेली दोन्ही सरसकट निकालात काढता येत नाहीत.

पहिल्या वाक्यात जात आली की वाचक पुढचे सगळे कर्तृत्व तिच्याशीच जोडू लागतो. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांच्या परिचयात कुस्ती हवी, राजाराम कॉलेज हवे. जातीने तिथे काहीच उलगडत नाही. याउलट गंगाराम कांबळे यांना अस्पृश्य मानले जात होते हे सुरुवातीलाच सांगितले नाही, तर शाहू महाराजांनी त्यांच्या हॉटेलात जाऊन घेतलेला चहा हा केवळ चहाच राहतो. मात्र येथे एक पक्षपात टाळावा लागतो. ‘दलित कवी’ असे आपण सहज लिहून जातो, ‘ब्राह्मण कवी’ असे परिचयात कोणी लिहीत नाही.

जात मुळीच न सांगणे सभ्य वाटते, पण आपल्याकडे आडनाव गप्प बसत नाही. कुंभोजला १८८७ साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांचे आडनाव वाचून अनेक जण त्यांना मराठा समजतील. या भागात जैन आणि लिंगायत पाटीलही पुष्कळ आहेत, आणि भाऊराव जैन होते. कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगमध्ये ते राहत होते आणि तिथली सोवळ्याची बंधने न पाळल्यामुळे त्यांना ते सोडावे लागले. धर्म वगळला तर हा प्रसंग कळत नाही. शिवाय कोल्हापुरातली त्या काळची बोर्डिंगे बहुतांशी समाजवार होती, तर भाऊरावांनी पुढे साताऱ्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली ठेवली, यातले अंतरही वाचकाच्या हाती लागत नाही.

प्रसंगापुरत्या उल्लेखाचे उत्तम उदाहरण भालजी पेंढारकरांचे. त्यांच्या चित्रपटांचा आढावा घेताना जातीची गरज पडतेच असे नाही. परंतु १९४८ साली गांधीहत्येनंतर ब्राह्मणांविरुद्ध उसळलेल्या दंगलीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला, हे लिहिताना ते ब्राह्मण होते असे त्याच परिच्छेदात नोंदवावे लागते, नाहीतर ती आग अपघाताची वाटेल. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्याबाबतीत मी जातीच्या नावापेक्षा कारागिराचे घर आणि हातातले कसब यांवर दोन वाक्ये अधिक लिहीन, कारण स्वतः कॅमेरा तयार करणाऱ्या माणसाबद्दल तीच माहिती बोलकी आहे.

व्यक्ती हयात असल्यास मात्र निर्णय एकट्या लेखकाचा राहत नाही. तिने स्वतः जाहीरपणे सांगितलेली किंवा लेखासाठी परवानगी दिलेली ओळखच छापावी. आडनाव, गल्ली किंवा कुलदैवत यांवरून केलेला तर्क छापू नये, आणि नकार मिळाल्यास प्रसंग कितीही रंगतदार असला तरी जातीचा उल्लेख गाळावा.