जुन्या ४०७ चं पुढचं काम अंगणात: किंगपिन, पाटे आणि नंतरचे महिने

गाडी टाटा ४०७, सेकंड हँड घेतलेली. हे मॉडेल १९८६ साली बाजारात आलं. आमची तितकी म्हातारी नसली तरी पंधरा वर्षं कधीच ओलांडली आहेत. हंगामात नारायणगावच्या बाजाराला टोमॅटोचे क्रेट, नंतर कांदा, मधेच शेणखत, असा तिचा दिनक्रम. पुढे सरळ बीमचा एक्सल, त्याखाली-वर पाटे (लीफ स्प्रिंग) आणि ते एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट, दोन टोकांना किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती पिन. कॉइल नाही, विशबोन नाही, म्हणून "हे काय, घरीच होतंय" असं पारावरचा प्रत्येक जण सांगतो. होतं. पण त्यातलं निम्मं घरी करण्यासारखं आहे आणि उरलेलं निम्मं जीव खातं. काम करून पावसाळा, दिवाळी आणि एक टोमॅटोचा हंगाम गेला, म्हणून आता लिहितो.

आधी दुखणं. स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा), खड्ड्यात चाक आपटलं की हातात दणका, आणि डावा टायर आतून खाल्लेला. डावी बाजूच जास्त का झिजली ते आमच्या रस्त्यावर चालवणाऱ्याला सांगायला नको. समोरून एसटी आली की डावं चाक साइडपट्टीवर उतरणार, आणि डांबर आणि मुरूम यांत वीतभर पायरी.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं की खडखड येते. ती किंगपिनची की बेअरिंगची, हे ओळखायची सोपी खूण आहे: दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला लावा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर हबचं बेअरिंग, तरीही राहिली तर किंगपिन. आण्णा केबिनमध्ये ब्रेकवर पाय देऊन बसले, मी खाली. राहिली. तिथंच खर्च कळला.

आता पाट्यांचं काम. हे घरी कराच. दहा टनी बॉटल जॅक, चेसिसखाली दोन भक्कम घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, विटांचा थर तर अजिबात नको), लांब पाइप आणि जाड पाना, एवढ्यात भागतं. यू-बोल्टचे नट गंजलेले असतात, ते सोडवत बसण्यापेक्षा ग्राइंडरने कापावेत, कारण यू-बोल्ट तसेही नवेच टाकायचे असतात. शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीच्या) जुन्या पिना बाहेर आल्या तेव्हा मधोमध नखाने जाणवेल एवढी खाच पडलेली होती. ग्रीसचं भोक मातीने गच्च. म्हणजे निपलवर (ग्रीस भरायच्या तोंडावर) गन लावून आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं जे ग्रीस मारलं, ते बाहेरच सांडलं.

बसलेला पाटा ठोकून कमान आणून देणारे कारागीर आहेत, स्वस्तही पडतं. आम्ही मागच्या पाट्यांना ते पूर्वी केलं होतं, एका कांद्याच्या हंगामात पुन्हा होते तिथे. त्यामुळे पुढे डाव्या बाजूचा मेन पाटा नवा घेतला. बसवताना पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात नीट बसलंय ना, हे बोटाने चाचपून मगच यू-बोल्ट आवळायचे. आणि भरलेल्या दोन-चार खेपा झाल्या की पुन्हा आवळायचे. ते ढिले राहिले की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि एक्सल मागे सरकतो. इतके महिने झाले, पाट्यांकडून तक्रार शून्य.

किंगपिन मात्र वेगळंच प्रकरण. पिन एका कॉटरने (आडव्या पाचरीने) बीममध्ये अडकवलेली असते. नट सुटला, कॉटर हलेना. डिझेल ओतून रात्रभर ठेवला, सकाळी पितळी दांडा ठेवून घण मारला, तर कॉटरचं शेपूट छत्रीसारखं पसरलं आणि काम आणखी वाढलं. शेवटी पसरलेला भाग कापून, ड्रिल मारून काढला. पिन त्याहून हट्टी. शेजारच्या वेल्डरने गॅस मारला तेव्हा कुठे कुरकुरत हलली. बीमला भरमसाट गॅस मारू देऊ नका, लाल होईपर्यंत तर नाहीच. फोर्जिंगचा माल आहे, त्याचं पाणी (कडकपणा) उतरतं.

पिना निघाल्यावर वाटतं जिंकलो. खरी अडवणूक इथून पुढे. नवे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) स्टब एक्सलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुकड्यात, ठोकून बसवले की आतून किंचित आवळतात आणि पिन जात नाही. त्यांना रीमर (भोक आतून नेमक्या मापात कापणारं हत्यार) मारावा लागतो, तोही असा लांब की वरचा आणि खालचा बुश एका रेषेत कापला जाईल. असा रीमर कुणाच्या घरात असतो? काही जण पॉलिश पेपर गुंडाळून घासतात. त्याने भोक अंडाकृती होतं आणि सहा महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. दोन्ही स्टब पिशवीत घालून फाट्यावरच्या लेथवाल्याकडे नेले. त्याने बुश हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "दादा, ह्याला ग्रीसचं भोक एकाच बाजूला, तुमचं निपल दुसऱ्या बाजूला." बुश निपलशी जुळवून प्रेस केले, रीमर मारला, अर्ध्या दिवसात मोकळं. मजुरी अगदीच वाजवी.

किंगपिनच्या कीटबद्दल. "ओरिजिनलसारखंच आहे" म्हणून दुकानदाराने दिलेल्या पहिल्या कीटमध्ये शिम (पातळ चकत्या) एकाच जाडीचे निघाले. बीम आणि स्टब यांच्यातली फट शिमने भरायची असते; कमी भरली तर चाक वर-खाली खेळतं, जास्त भरली तर स्टिअरिंग दगड. परत करायला गेलो तर पाकीट फोडलं म्हणून नकार. दुसरं कीट घेतलं, दुप्पट पैसे. त्याचं थ्रस्ट बेअरिंग (गाडीचा भार झेलणारं) हातात घेतल्यावरच फरक कळला.

आजची स्थिती अशी. दणका गेला, प्ले गेला. टायर आतून खायचा थांबला, पण तो अलाइनमेंट करून घेतल्यावरच. घरी खडूची रेघ मारून टायरचं पुढचं-मागचं अंतर मोजलं होतं, तेवढ्यावर दुकानापर्यंत जाता येतं, हंगाम काढता येत नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, त्यात यंदा पुढच्या चाकांवर कुणी बोट ठेवलं नाही. ग्रीस मारताना पुढचा एक्सल उचलून मारतो. चाकं जमिनीवर असली की थ्रस्ट बेअरिंगवर भार असतो आणि ग्रीस तिथवर पोचत नाही.

एक कुरबुर शिल्लक आहे. रिकामी गाडी थोडी डावीकडे ओढते, भरली की सरळ. नवा पाटा एकाच बाजूला टाकल्यामुळे असावं असा माझा अंदाज. आण्णा म्हणतात ब्रेकच धरतोय. उजवा मेन पाटा आणून ठेवलाय. खर्चाचं म्हणाल तर दुसरं कीट, गॅस, लेथ सगळं धरून गॅरेजच्या साधारण निम्म्यात काम झालं, पण गाडी जितके दिवस अंगणात उभी राहिली तितके दिवस भाड्याच्या पिकअपने माल गेला, ते भाडं यात धरलेलं नाही. पुढच्या वेळी पाटे, शॅकल, शॉकअप घरी. किंगपिनसाठी गाडी थेट फाट्यावर.